ढोलकीवरचे कुंकू

वाणीला अर्थ देणाऱ्या आणि अर्थाला वाट दाखवणाऱ्या सर्वसाक्षी परमेश्वराला प्रथम वंदन करतो. ज्या नादातून हे जग उमलले असे माझ्या गुरुजनांनी मला सांगितले, त्या नादालाही नमस्कार असो. आता लेखणी हाती घेण्याचे निमित्त. कर्जतच्या भिसेगावात, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात, दर रविवारी सकाळी मुलांसाठी गोष्टींचा आणि ढोलकीचा एक वर्ग भरतो. येत्या दसऱ्याला त्याला पाच वर्षे पुरी होतील. त्या दिवशी पालकांना वाटायच्या छोट्या पुस्तिकेसाठी वर्गाची हकीकत मी लिहून द्यावी, असा सर्वांचा आग्रह पडला. हकीकत लिहायची तर ती पुरी लिहावी लागते, आणि पुरी लिहिली की तिच्यात माझ्या हातून घडलेली एक चूक येते. ती गाळावी असे एक-दोघांनी प्रेमाने सुचवले. पण ती गाळली तर वर्ग आज जसा आहे तसा का आहे, हे कोणालाच कळणार नाही.

माझे शिक्षण पाठशाळेत झाले. पुढे पुष्कळ वर्षे मी खालापूरच्या शाळेत संस्कृत शिकवले आणि निवृत्तीनंतर भिसेगावात स्थायिक झालो. हाती वेळ होता, डोक्यात सुभाषिते होती, आणि मुलांना चांगले वळण लागावे अशी मनापासून तळमळ होती. म्हणून एकट्यानेच एक संस्कारवर्ग सुरू केला. पहिल्या रविवारी अकरा मुले आली. महिन्याभरात पाच उरली, आणि पावसाळा सरेपर्यंत दोन. त्यांतला एक शेजारचा असल्यामुळे त्याला सुटका नव्हती. दुसरा शेवटी मी देत असलेल्या खडीसाखरेसाठी येत असे. हे त्याने मला स्वतःच सांगितले, आणि त्याच्या सत्यवचनाबद्दल मी त्याला आणखी दोन खडे दिले.

एका रविवारी मी विनयाचे महत्त्व सांगत असताना ही दोन्ही मुले मांडीवर बोटे आपटू लागली. मला राग आला, आणि मग ऐकू आले की पलीकडच्या गल्लीतून ढोलकीचा आवाज येतो आहे आणि त्यांची बोटे त्या ठेक्यावर पडत आहेत. वर्ग आटोपून मी आवाजाच्या दिशेने गेलो. एका घराच्या पायरीवर साठी ओलांडलेले एक गृहस्थ आपल्या नातीला ढोलकी शिकवत होते. ते रसायनीच्या कारखान्यात तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले, राहायला मोहोपाड्याला. लेक कर्जतला दिलेली, म्हणून दर शनिवारी संध्याकाळी स्कूटरवरून तिच्याकडे येत आणि रविवारी परत जात. नात पहिलीत होती. ती त्यांना आबा म्हणे, पुढे वर्गातली सगळी मुले तेच म्हणू लागली, आणि येथे मीही तेच म्हणेन.

मी पाहिले ते असे. आबा एक बोल दोनदा वाजवीत, मग हात मांडीवर ठेवून थांबत. नात तो दोनदा वाजवी आणि तीही थांबे. तिने घाई केली तर ते रागावत नसत, फक्त तोच बोल पुन्हा दोनदा वाजवीत. मला माझी पाठशाळा आठवली. आम्हांला गुरुजी संथा देत ती नेमकी अशीच. ते दोन वेळा म्हणत, आम्ही दोन वेळा म्हणत असू, आणि मधल्या क्षणभराच्या शांततेत शब्द आत उतरे. ज्या गोष्टीसाठी मी दोन मुलांपुढे घसा कोरडा करीत होतो, ती हा माणूस एकही शब्द न बोलता शिकवीत होता.

मी त्यांना वर्गात येण्याची विनंती केली आणि म्हटले, आता मुले वाढतील, तेव्हा आपण देवळाच्या सभामंडपात बसू. त्यांनी जरा वेळ ढोलकीच्या दोरीशी चाळा केला आणि म्हणाले, "देवळात नको, गुरुजी. शाळेत आसंल तर येतो." ते बौद्ध आहेत हे मला दारावरच्या तसबिरीवरून कळलेच होते. मी समजूतदारपणे मान हलवली. आपल्याला सारे समजले, असे मला वाटले. तेवढ्यावरच मी थांबलो आणि पुढे काही विचारले नाही.

वर्ग वाढला. ढोलकी एक आणि मुले वीस, म्हणून आबांनी प्रत्येकाला घरून एक रिकामा डबा आणायला सांगितले. तेलाचे, रंगाचे, बिस्किटांचे डबे पालथे घालून मुले गोल बसत. नियम एकच होता. आधी शेजाऱ्याचा ठोका पुरा ऐकायचा, मग आपला द्यायचा. वाचायला हे सोपे वाटते, पण आठ वर्षांच्या मुलाला दुसऱ्याचा ठोका संपेपर्यंत हात आवरणे किती कठीण जाते ते पाहण्यासारखे असे. रंगाचा डबा घेऊन येणारे एक पोर तर नेहमी अर्ध्या ठोक्याने पुढेच असे. आबा त्याला म्हणत, "तुझी गाडी टेसनावर न थांबताच जाते रं. मानसं कशी चढायची?" काही महिन्यांनी त्याची आई मला येऊन म्हणाली की आता तो जेवताना बहिणीचे ताट वाढेपर्यंत थांबतो, हे गोष्टींनी केले की ढोलकीने? मी म्हटले, दोहोंनी. आबा मागून म्हणाले, "भुकेनं केलं नाय एवढं नक्की."

गोष्टीही केवळ माझ्याच राहिल्या नाहीत. बाजारात रानभाज्या विकणाऱ्या ठाकूरवाडीतल्या एका आजीबाईंना आबांनी एकदा पाटी खाली ठेवायला लावून व्हरांड्यात बसवले. त्यांनी मधाच्या पोळ्याची गोष्ट सांगितली. एका माणसाने मधमाश्यांना कबूल केले होते की तिसरा वाटा तुमच्यासाठी सोडीन. एका वर्षी त्याने सगळेच पोळे काढले, माश्या डोंगर सोडून गेल्या, आणि त्या वर्षी आंब्याला मोहोर आला पण फळ धरले नाही. आजीबाईंच्या बोलण्यातले काही शब्द मुलांना नवे होते, पण आबांनी ढोलकीच्या डाव्या पुडीवर तळहात घासून माश्यांसारखा असा काही घुमारा काढला की दोन मुलींनी डोक्यावर ओढण्या घेतल्या. रसायनीच्या वसाहतीतल्या केरळच्या एका परिचारिकाबाईंनी तिकडची नावाड्यांची गोष्ट सांगितली, तेव्हा साऱ्या मुलांनी वल्ह्यांचा ठेका धरला आणि एकानेही तो तोडला नाही. आबा कधी बुद्धांच्या करुणेची गोष्ट सांगत, मी कधी ऋषींच्या आश्रमातली. मला मनोमन वाटे की आपण सर्वांना सामावून घेणारे मोठे काम करीत आहोत. या वाटण्यात थोडा गर्व होता, हे आता लिहिताना स्वच्छ दिसते.

दुसऱ्या वर्षीचा दसरा रविवारीच आला. त्या दिवशी आबा येतील की नाही, अशी मला शंका होती, पण ते म्हणाले की सकाळची वंदना उरकून दहाला येतो, तासभर बसू, मग मोहोपाड्याला जातो. ते आले ते पांढराशुभ्र सदरा घालून. मला वाटले, सणाचे म्हणून. ढोलकी सतरंजीवर ठेवून ते हातपाय धुवायला नळावर गेले.

आमच्या घरी दसऱ्याला ग्रंथांची, लेखणीची आणि हातातल्या प्रत्येक साधनाची पूजा होते. लहानपणापासून मी ती कधी चुकवलेली नाही. मी घरून तबक आणले होते. आधी मुलांच्या डब्यांना हळदकुंकू लावले, मुलांना मोठी गंमत वाटली. मग ढोलकीपुढे बसलो. खोळ काढली, दोन्ही पुड्यांवर कुंकवाची बोटे उमटवली, अक्षता वाहिल्या, झेंडूची माळ घातली आणि हात जोडले. इतक्या भक्तिभावाने मी ते केले की माझे डोळे पाणावले होते.

आबा आले आणि जागच्या जागी थबकले. माळ काढून त्यांनी ती खिडकीच्या गजाला हळुवारपणे अडकवली. तो हळुवारपणा पाहून त्यांनाही पूजा भावली, असाच अर्थ मी घेतला. मग त्या कुंकवासकट त्यांनी तासभर ढोलकी वाजवली. त्यांचे दोन्ही तळवे लाल झाले. वर्ग सुटल्यावर ते नळावर बराच वेळ हात चोळत होते. मी दिलेली आपट्याची पाने त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, "मंगल होवो, गुरुजी," म्हणाले आणि गेले.

घरी येऊन मी हा प्रसंग सौभाग्यवतींना रंगवून सांगितला. त्या श्रीखंडाचे पातेले निपटत होत्या. त्यांनी विचारले, "लावण्याआधी त्यांना विचारलंत का?"

मी म्हटले, वाद्याच्या पूजेला विचारायचे काय, ती तर साक्षात सरस्वती.

"सरस्वती तुमची. ढोलकी त्यांची," त्या म्हणाल्या. "आणि आज त्यांचाही मोठा दिवस असतो, दीक्षेचा. सकाळी पांढरे कपडे घालून सगळी मंडळी वंदनेला चालली होती रस्त्याने. तुम्ही तबक सांभाळत होतात, कसं दिसणार?"

दुपारी ग्रंथ काढून बसलो आणि वाद्यपूजेविषयी आधार शोधू लागलो. तो सापडला. शास्त्रात आधार सापडला की माणसाला आपली चूक सापडेनाशी होते, हा अनुभव मला त्या दुपारी आला. पण तो अनुभव होता हे मात्र फार उशिरा कळले.

पुढच्या रविवारी आबा आले नाहीत. नात मात्र आपला बिस्किटांचा डबा घेऊन आली. मुलांनी विचारले, आबा कुठे आहेत? आणि मी, ज्याने आयुष्यभर मुलांना सत्याची थोरवी सांगितली, तो मी सहजपणे म्हणालो की आबांना आज काम आहे.

नात म्हणाली, "नाय गुरुजी. आबा घरीच हायत. चहा पितायत."

मुले हसली. मी सगळ्यांना नीट बसायला सांगून गोष्ट सुरू केली. ठेक्यावाचून ती कोणाच्याच मनात शिरेना. डबे वाट्टेल तसे वाजू लागले, आणि रंगाचा डबा तर सर्वांच्या पुढे धावत होता. वर्ग अर्ध्या तासात मोडला. आबांच्या लेकीचे घर पलीकडच्याच गल्लीत होते. आबा तिथे चहा पीत बसले होते, आणि मी उलट्या दिशेने घरी गेलो. संध्याकाळी दूरध्वनी केला तोही कसा, तर मी सारे आदरानेच केले होते, गैरसमज नसावा, अशा शब्दांत. आबा म्हणाले की गैरसमज कसला, जरा गुडघा धरलाय. मी त्यांना तब्येत सांभाळायला सांगितले आणि सुटल्यासारखे वाटून फोन ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी नातही आली नाही. मंगळवारी भाजीच्या गाड्यावर तिची आई भेटली. पदर सावरून तिने नमस्कार केला, प्रकृतीची विचारपूस केली. निघताना मात्र घुटमळली आणि खाली पाहत म्हणाली, "गुरुजी, पोरगी म्हनते, गुरुजी खोटं बोलले. मग त्यांच्या गोष्टी पन खोट्याच आसतील. आता मी तिला काय सांगू?"

हातातली मेथीची जुडी तशीच धरून मी उभा राहिलो. ढोलकीवाला गेला तर वर्ग मोडेल, एवढीच चिंता मी तोवर केली होती. आठ वर्षांच्या एका मुलीचा चांगुलपणाच्या साऱ्या गोष्टींवरचा विश्वास माझ्या एका वाक्याने उडाला होता, आणि तो परत आणणे माझ्यावाचून कोणाच्या हाती नव्हते. ऋषींच्या, बुद्धांच्या, मधमाश्यांच्या, सगळ्याच गोष्टी त्या एका वाक्याखाली दबल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळची संध्या आटोपून मी एसटीने चौकला उतरलो आणि तिथून सहा आसनी रिक्षाने मोहोपाड्याला गेलो. कारखान्यांच्या धुराड्यांमागे, कर्मचाऱ्यांच्या वसाहती ओलांडून, आबांनी निवृत्तीनंतर बांधलेले दोन खोल्यांचे घर आहे. भिंतीवर बुद्धांची तसबीर, तिच्याखाली पितळी मेणबत्तीदान, आणि बाजूच्या खुंटीला खोळीतली ढोलकी. आबांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः खाटेच्या कडेला बसले. त्यांच्या पत्नीने आतून चहा आणून पुढे केला.

मी म्हटले, मला चहा नको.

बाईंचा हात पुढे आलेला तसाच राहिला, आणि आबा खिडकीबाहेर पाहू लागले. क्षणभराने माझ्या ध्यानात आले, आणि घाईघाईने मी सांगितले की मला मधुमेह आहे, बिनसाखरेचा असेल तर दोन कप घेईन.

"साखरंचं हाय होय," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले. "मग तसं आधी सांगावं की गुरुजी. मी म्हनलं, आता एवढ्या लांब येऊन..." पुढचे त्या बोलल्या नाहीत. बिनसाखरेचा चहा आला, मी खरोखरच दोन कप घेतले, आणि अर्धे बोलून थांबण्यात किती सौजन्य असते ते चहाबरोबर गिळले.

मग मी विषय काढला. या वेळी आदर, शास्त्र, हेतू यांतले काहीही मधे आणले नाही. एवढेच म्हटले की तुमच्या वाद्याला मी तुम्हांला न विचारता हात लावला, तोही तुमच्या पवित्र दिवशी, आणि त्यानंतर मुलांशी खोटे बोललो. दोन्ही माझ्या चुका आहेत. मला क्षमा करावी.

आबांनी खुंटीवरच्या ढोलकीकडे पाहिले. मग त्यांनी जे सांगितले ते मी येथे माझ्या शब्दांत देतो, कारण त्यांच्यासारखे ते मला सांगता येणार नाही. त्यांचे वडील गावात वाजवीत असत. पालखीच्या दिवशी देवळाबाहेर उभे राहून ढोल वाजवणे हे त्यांच्या घराला गावाने लावून दिलेले काम होते. पाऊस असो, ताप असो, ते चुकत नसे, आणि पायरी चढण्याची मुभाही नसे. वाजवणे झाले की पुजारी पायरीवर येऊन लांबूनच ढोलावर कुंकू टाकी. हाच त्यांचा मान. छप्पन्न सालानंतर वडिलांनी दीक्षा घेतली. त्या दिवशी त्यांनी तो ढोल पुसला, गावाला परत दिला, आणि पुढे पैसे साठवून ही ढोलकी घेतली. हिच्यावर कोणाच्या हुकमाने वाजवायचे नाही आणि हिला कोणाचे कुंकू लागू द्यायचे नाही, एवढेच त्यांनी मुलाला सांगितले होते.

"तुमी लांबून नाय टाकलं, गुरुजी. मांडी घालून बसून, आपल्या हातानं लावलं. ते मी बगितलं," आबा म्हणाले. "म्हनून त्या दिवशी वाजवलं. पन कुंकू तेच ना."

थोड्या वेळाने मी विचारले, आपण परत याल का?

"कुंकवाचं माझं काय नाय आता. दोन दिस लाल राहिलं, मग गेलं," ते म्हणाले. "पन पोरीला मी काय सांगू? मी घरात आन् तुमी म्हनता कामावर. तुमी खरं सांगाल त्या दिवशी येतो. वाजवायला नाय, ऐकायला."

त्या आठवड्यात मी माझी चूक गोष्टीत गुंफली. एक राजा होता, एक वाद्यकार होता, एक तपस्वी होता, आणि राजाला शेवटी आकाशवाणी होऊन आपली चूक कळते, अशी सुरेख मांडणी झाली. शनिवारी रात्रीच्या जेवणानंतर ती सौभाग्यवतींना वाचून दाखवली. त्या सुपारी कातरत शेवटपर्यंत ऐकत होत्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण अहो, राजा कशाला? तुम्ही आहात की."

मी कागद घडी करून ठेवून दिला.

रविवारी व्हरांड्यात मुले गोल बसली. आबा आले आणि मागच्या खांबाला टेकून बसले. ढोलकी खोळीतच बाजूला होती. नात त्यांच्या गुडघ्याला चिकटून, डबा उराशी धरून बसली होती, आणि माझ्याकडे पाहत नव्हती. मी उभा राहिलो. मी सांगितले की दसऱ्याला मी आबांच्या ढोलकीची पूजा केली, ती त्यांना न विचारता केली. त्यांच्या घरी कुंकू लावत नाहीत, आणि का लावत नाहीत हे मी कधी विचारलेच नव्हते. त्यांना वाईट वाटले म्हणून ते आले नाहीत. त्यांना काम नव्हते. त्यांना काम आहे असे मी तुम्हांला सांगितले ते खोटे होते, आणि आबांच्या नातीने सांगितले तेच खरे होते.

मग रंगाच्या डब्याच्या मालकाने विचारले, "मग तुमाला कोन ओरडलं, गुरुजी?"

मी म्हटले, कोणी नाही. आमच्या घरची आजी थोडी ओरडली.

मुले हसली, आबाही हसले. नात हसली नाही. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "आता परत लावायचं आसंल तर?"

मी म्हटले की कुंकू आता कधीच लावणार नाही. पण ढोलकीला हात लावावा असे मला नेहमी वाटते, कारण इतक्या दिवसांत मी ती कधी वाजवून पाहिलेली नाही. मग खांबाकडे जाऊन आबांना विचारले, "लावू का हात?"

आबांनी नातीकडे पाहिले. तिने क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. तेव्हा कुठे त्यांनी खोळीची गाठ सोडली आणि ढोलकी माझ्यापुढे ठेवली. "लावा. पन नुसता हात लावून चालनार नाय, वाजवावं लागंल." मी पहिला ठोका दिला तो अगदीच पोकळ निघाला. दुसरा त्याहून वाईट. मुलांना फार आनंद झाला. नात उठली, माझ्याशेजारी येऊन बसली, आपल्या डब्यावर तोच बोल तिने दोनदा वाजवला आणि हात मांडीवर ठेवून माझ्याकडे पाहत थांबली. मीही तो दोनदा वाजवला.

त्यानंतर वर्गाला एक रीत पडली. कोणाच्याही डब्याला, पुस्तकाला, दप्तराला हात लावण्याआधी त्याला विचारायचे. नाही म्हटले तर रुसायचे नाही. एका आईची लाडिक तक्रार आहे की आता घरात कपाट उघडायलाही मुलगी तिची परवानगी मागते आणि कामाचा खोळंबा होतो. दर महिन्याच्या पौर्णिमेला आमचा वर्ग टेंपोतून मोहोपाड्याच्या विहारात जातो. तिथे मी जमिनीवर बसून गोष्ट सांगतो, आबांच्या पत्नी बिनसाखरेचा चहा वेगळ्या किटलीत ठेवतात आणि सर्वांना मोठ्याने सांगतात की तो गुरुजींचा आहे, कोणी चुकून घेऊ नका, कडू लागेल. देवळाच्या सभामंडपात आबा आजही येत नाहीत, आणि मी बोलावत नाही. नात आता सहावीत आहे. ठाकूरवाडीच्या आजीबाईंची गोष्ट ती लहान मुलांना स्वतः सांगते, आणि माझ्यापेक्षा ती बरी सांगते असे मुलांचे एकमत आहे. मलाही ते मान्य आहे.

वाचकहो, आपण ज्या नावाने त्या परमतत्त्वाला हाक मारता, किंवा नाव न घेता ज्याच्यापुढे नम्र होता, त्याची छाया आपल्या घरावर अखंड राहो. आपल्या उंबरठ्यातून आलेल्या प्रत्येकाला आपल्या घरी बरोबरीने बसायला जागा मिळो. आपल्या वडीलधाऱ्यांना चुकल्यावर तसे सांगण्याचे बळ लाभो, आणि लेकराबाळांना ते ऐकून घेण्याइतके मोठे मन लाभो. घरात धान्य असो, आरोग्य असो, आणि रविवारच्या सकाळी कोणाचा तरी हसरा आवाज असो. शुभं भवतु.